लढाईच्या वर्षीचा कप

माझा स्वभाव आधीपासूनच कारभारी. पुण्यात होस्टेलवर होते तेव्हा मेसचे महाराज उद्या भाजी काय करायची ते मला विचारायचे, आणि वेलिंग्टनला आल्यावर ऑफिसनं याच गुणाचा पगार द्यायला सुरुवात केली. कुणाला काय सांगायचं, कधी सांगायचं, किती सांगायचं, हे मी ठरवते. घरातही तेच. आपल्याकडे बातमी आधी तुझ्याकडे येते, तू कात्री लावलीस की मग आम्हाला मिळते, असं नवरा मला चिडवायचा. गेल्या ऑगस्टपासून तो असं म्हणत नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्याकडे, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल या उपनगरात, राहायला आले. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. हायस्कुलातून ड्रॉइंग मास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते कोल्हापूरच्या घरी असत, आई गेल्यावर एकटेच. इथं राहायला येणाऱ्या आईवडिलांचं एक ठरलेलं असतं. पहिला महिना सगळ्याचं कौतुक, दुसरा महिना वाऱ्याला शिव्या, तिसऱ्या महिन्यात परतीचं तिकीट कितीचं आहे याची चौकशी. अप्पांनी तिसऱ्या महिन्यात काही विचारलंच नाही, कारण तोवर त्यांना नातीची फुटबॉल टीम सापडली होती.

माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती आणि तेरा वर्षांखालच्या मुलींच्या टीममध्ये डिफेन्सला खेळायची. कोल्हापुरात पेठेत वाढलेल्या माणसाला फुटबॉल वेगळा शिकवावा लागत नाही. अप्पा दर शनिवारी डोक्याला कानटोपी आणि अंगात माझ्या नवऱ्याचं जुनं रेनजॅकेट घालून मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि तिथून ओरडायचे, "मागं बघ, मागं! फिरीव की बॉल!" टीममधल्या बहुतेक मुलींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी त्या मागं बघायच्या. सगळ्या त्यांना आजोबाच म्हणायच्या. कोच म्हणजे सहा फुटी प्लंबर, भला माणूस; हाफटाइमला संत्र्याच्या फोडी वाटता वाटता आजोबांचं काय मत आहे ते तो माझ्या मुलीला विचारायचा. तिला मराठी सगळं कळतं, कोल्हापुरीसुद्धा. उत्तर तेवढं इंग्रजीत येतं. तिनं भाषांतर केलं की कोच मान डोलवून म्हणायचा, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे एकदम झकास, आणि अप्पांना तेवढं समजायचं.

अप्पा स्वतः एकेकाळी खेळलेत हे मला माहीत होतं, पण ते त्यांच्याकडून नाही. सांगायची ती आत्या. अप्पांची मोठी बहीण, त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी वडील, कोल्हापुरातच दिलेली. एकाहत्तरच्या लढाईत मोठ्या माणसांच्या स्पर्धा बंद होत्या. तालमीतालमींच्या पोरांच्या फुटबॉल टीमांचा कप मात्र आधीच सुरू झालेला होता; तो थांबवायचा की पुरा करायचा यावर वडीलधाऱ्यांचे वाद झाले आणि शेवटी पुरा करायचा असं ठरलं. अप्पा सतरा वर्षांचे होते. त्यांच्या टीमनं तो कप जिंकला. दर रविवारी व्हिडिओ कॉल संपता संपता आत्या माझ्या मुलीला सांगायची, "तुझ्या आज्यानं लढाईच्या वर्षी कप आणलाय बरं का." आणि दर रविवारी नेमकं तेव्हाच अप्पांना चहाची तल्लफ यायची. फोन माझ्या हातात देऊन ते उठून जायचे. मला वाटायचं, विनय आहे. विनय कसला आलाय!

त्याच लढाईत त्यांचे थोरले भाऊ गेले, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फौजेत होते. त्यांचा फोटो कोल्हापूरच्या घरात आहे. पण कप आणि काका या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. एक आत्याची गोष्ट होती, दुसरी अप्पांच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची, आणि आजी ती सांगत नसे.

मुलींची टीम फायनलला पोचली तेव्हा मला राहवेना. मी कोचला सांगून टाकलं की आमचे आजोबा साधेसुधे नाहीत, त्यांनी युद्ध चालू असताना कप जिंकलाय. तो हरखलाच. फायनल शनिवारी होती. गुरुवारी शेवटची प्रॅक्टिस झाल्यावर त्यानं मुलींना गोल बसवलं आणि आजोबांना दोन शब्द बोलायची विनंती केली. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी त्यांच्या रंगांच्या बाटल्या सांडल्या होत्या तेव्हासुद्धा तसं पाहिलं नव्हतं. मग ते मुलींसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "जिंकलात तर सरळ घरी जावा. कुठं थांबू नका." एवढंच. माझ्या मुलीनं ते इंग्रजीत सांगितलं, मुली हसल्या, टाळ्या वाजल्या. गाडीत बसल्यावर मी म्हणाले, अप्पा, जरा नीट बोलायचं होतं की. 

त्याच संध्याकाळी आतेभावाचा फोन आला. मी स्वयंपाकघरात भाजी परतत होते आणि अप्पा वर त्यांच्या खोलीत होते. आत्याला दवाखान्यात ठेवलं होतं. हृदय थकलं होतं, किडन्याही साथ देत नव्हत्या, डॉक्टरांनी दिवसांचीच गोष्ट आहे असं सांगितलं होतं. शुद्धीत होती, बोलत होती. आतेभाऊ म्हणाला, मामाला एवढ्यात सांगू नको, लांब आहे, तिथं बसून काय करणार, हळूहळू सांग.

हे हळूहळू प्रकरण आपल्या माणसांना वेगळं समजवावं लागत नाही. आधी सांगायचं, तब्येत जरा बरी नाही. मग सांगायचं, सिरियस आहे. मग सांगायचं, येऊन जा. माणूस पहिल्या वाक्याच्या आधीच गेलेला असतो. आईच्या वेळी माझ्याशी हेच झालं. मी विमानात बसले तेव्हा ती सिरियस होती, सिंगापूरला उतरले तेव्हाही सिरियस होती, आणि घरी पोचले तेव्हा मला कळलं की मी बॅग भरत होते तेव्हाच सगळं आटोपलं होतं. मी तेव्हा घरात जो तमाशा केला तो अजून नातेवाईक विसरलेले नाहीत. मला लहान मूल समजता का, असं मी ओरडले होते. अप्पांवरच ओरडले होते.

आणि तरी त्या गुरुवारी मी आतेभावाला म्हणाले, बरोबर आहे तुझं, मी बघते.

शुक्रवारी संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. या वेळी तो जरा चाचरत बोलत होता. आत्या सकाळपासून अप्पांचं नाव घेत होती. "त्याला फोन लाव, एक सांगायचंय," असं तीन-चारदा म्हणाली होती. काय ते सांगत नव्हती, त्यालाच सांगणार म्हणत होती. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात. डॉक्टर म्हणत होते, आज स्थिर आहे.

नवऱ्यानं हे ऐकलं आणि तो म्हणाला, आत्ताच्या आत्ता वर जा आणि अप्पांच्या हातात फोन दे. मी नाही म्हणाले. माझ्याकडे कारणं तयार होती, नेहमीच असतात. सांगितलं तर अप्पा रात्रभर झोपणार नाहीत, सकाळच्या विमानाचं तिकीट काढ म्हणतील, मैदानावर येणार नाहीत. ते आले नाहीत तर पोरीचं खेळात लक्ष लागणार नाही. एप्रिलपासून ती वाऱ्यापावसात या एका दिवसासाठी पळतेय. मॅच अकराला, तेव्हा तिकडे पहाटेचे साडेचार. आत्या झोपलेलीच असणार. आपण जिंकून किंवा हरून घरी येऊ, जेवू, अडीचला तिकडे सकाळचे आठ वाजतील, तिचा चहा झालेला असेल, तेव्हा मी स्वतः अप्पांना शेजारी बसवून सांगेन आणि फोन लावून देईन. सगळं नीट बसत होतं. नवरा म्हणाला, मरण काय तुझ्या वेळापत्रकानं येतं का? मी म्हणाले, डॉक्टरांनी स्थिर म्हटलंय.

शनिवारी वारा असा होता की बॉल वर गेला की कुठं पडेल याचा नेम नव्हता. हाफटाइमपर्यंत काहीच झालं नाही. नंतर आमचा एक गोल झाला आणि शेवटच्या दहा मिनिटांत समोरच्या टीमनं आमच्या टोकाला नुसता गराडा घातला. माझ्या मुलीनं एकदा अगदी गोललाइनवरून बॉल बाहेर काढला. मी तिला तसं खेळताना कधी पाहिलं नव्हतं. एरवी ती खेळताना हसते, मैत्रिणींना हाका मारते. त्या दिवशी तोंड गच्च मिटून नुसती धावत होती. मला वाटलं, फायनलचं टेन्शन. अप्पा त्या दिवशी ओरडले नाहीत. दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घालून उभे होते.

शिट्टी झाली, आम्ही जिंकलो. मुली एकमेकींवर पडल्या, आयाही रडल्या. क्लबच्या पत्र्याच्या शेडखाली सॉसेज भाजत होते. मुलींनी कप आणला आणि आजोबांच्या हातात दिला, फोटोसाठी. त्यांनी तो घेतला, दोन क्षण धरला आणि गरम भांडं खाली ठेवावं तसा पटकन परत दिला. माझ्या खिशात फोन थरथरला. आतेभावाचा मेसेज होता. आई गेली, पहाटे साडेपाचला. म्हणजे आमचे बारा. म्हणजे मॅच तेव्हा चालू होती.

मी तो मेसेज वाचला, फोन खिशात ठेवला आणि फोटोला उभी राहिले. ते फोटो आहेत. त्यात मी हसतेय, आणि वाईट म्हणजे ते हसू खोटं वाटत नाही.

घरी आल्यावर मुलगी सरळ तिच्या खोलीत गेली. नवरा गाडी लावत होता. अप्पा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून बूट काढत होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि सुरुवात केली, "अप्पा, आत्याची तब्येत जरा..."

त्यांनी एक बूट हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "कधी गेली?"

मी वेळ सांगितली. आजारी कधीपासून होती, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलता आलं असतं. आतेभावानं मला सावरून घेतलं असतं. मी म्हणाले, मला गुरुवारपासून माहीत होतं. ते म्हणाले, माझी आठवण काढली का? मी म्हणाले, काल, तुमच्याशी बोलायचं म्हणत होती, एक सांगायचंय म्हणत होती. अप्पांनी मान हलवली. बूट शेजारी शेजारी नीट ठेवले आणि म्हणाले, "अंघोळ करून येतो."

मृत्यूची बातमी ऐकली की अंघोळ करायची, एवढंच लांबच्या माणसाच्या हातात उरतं. बाथरूममधून पाण्याचा आवाज खूप वेळ येत राहिला. मी टेबलाशी बसून वाट बघत होते. ते बाहेर येतील आणि मला बोलतील, मी आईच्या वेळी त्यांना बोलले होते त्याच्या दुप्पट बोलतील, हे मी धरूनच चालले होते. मला ते हवं होतं. पाया पडायचीसुद्धा माझी तयारी होती.

ते बाहेर आले ते ओल्या केसांनी, धुतलेला सदरा घालून. माझ्यासमोर बसले आणि बोलायला लागले, पण माझ्याबद्दल नाही. एकाहत्तरच्या फायनलच्या दिवशी दुपारी ते घरून मैदानाकडे निघाले होते तेव्हा गल्लीच्या तोंडाशी त्यांना तारवाला भेटला. ओळखीचा होता, फुटबॉलचा शौकीन. घाईत होता. त्यानं अप्पांच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, नावची तार अप्पांच्या हातात दिली आणि म्हणाला, घरी दे आणि पळ, उशीर होतोय. अप्पांनी ती देवळाच्या मागं जाऊन फोडली. इंग्रजी बेताचंच होतं, पण थोरल्याचा फौजेतला नंबर त्यांना पाठ होता, आणि पुढचे तीन शब्द कळले.

"घर शंभर पावलांवर होतं," अप्पा म्हणाले. "मी तार घडी करून चड्डीच्या नेफ्यात घातली आणि मैदानावर गेलो."

ते खेळले. आजवर कधी खेळले नव्हते तसे खेळले. दिवे बंद ठेवायचे दिवस होते म्हणून उजेड असतानाच मॅच संपवली. मशाली नाहीत, दिवे नाहीत, तरी पोरांनी अंधारात गुलाल उधळत मिरवणूक काढली. अप्पांना वाटलं होतं, मिरवणूक संपली की सांगू. घरी पोचले तर आजीनं खिडक्यांना घोंगड्या लावून निरांजन पेटवून ठेवलं होतं. त्यांना पाटावर बसवलं, ओवाळलं, तोंडात साखर घातली. शेजारी आत्या ताम्हन धरून उभी होती. ओवाळता ओवाळता आजी म्हणाली, "थोरला आला की त्यालाबी असंच ओवाळणार." तार तेव्हा त्यांच्या अंगावर होती, पोटाला लागत होती.

मग ते सांगू शकले नाहीत. आत्यानं गरम पाणी काढून दिलं, गुलालाचे कपडे भिजवायला मागून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शितं लावून तार पुन्हा चिकटवली आणि आत्ताच तारवाला देऊन गेला म्हणून आजोबांच्या हातात ठेवली. आजी पुढं मरेपर्यंत एकच म्हणायची, बातमी यायच्या आदल्या रात्री मी साखर वाटली, मला कसं कळलं नाही. त्यानंतर तिनं घरात कुणाला ओवाळलं नाही. अप्पांनी त्या सालानंतर बॉलला पाय लावला नाही.

"कपडे तुझ्या आत्याच्या हातात दिले तेव्हा तार मी काढून घेतली होती का नेफ्यातच राहिली होती, मला आठवत न्हाई," ते म्हणाले. "सकाळी ती माझ्या उशाखाली होती. मी ठेवली का तिनं ठेवली, पन्नास वर्षं मी तिला विचारीन विचारीन म्हणतोय. दर रविवारी विचारायचं ठरवायचो."

मी काहीतरी बोलायला गेले. माफी वगैरे. त्यांनी हात वर केला.

"तुला बोलायला मला तोंड न्हाई, पोरी. तू माझीच लेक."

याच्यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. ते रागावू शकत नव्हते म्हणून मला क्षमाही मिळत नव्हती. मी त्यांच्या आयुष्यातला एकच प्रश्न, ज्याचं उत्तर जगात एकाच माणसाजवळ होतं, तो अडीच वाजेपर्यंत पुढं ढकलला होता. 

नंतर ते म्हणाले, नातीला इतक्यात सांगू नको. आठ दिवस जाऊ देत. तिचा कप तिचा राहू दे, त्याला हे चिकटवू नको. मी हो म्हणाले. अजूनही मला वाटत होतं की एवढं तरी मला नीट करता येईल. तिला खाली जेवायला बोलवावं, आजोबा जरा दमलेत असं सांगावं, म्हणून मी वर गेले.

ती पलंगावर बसली होती. मैदानावरचेच कपडे, गुडघ्याला चिखल, गळ्यात मेडल. रडून रडून तोंड सुजलं होतं. मी दारात उभी राहिले तर म्हणाली, "आय न्यू, आई."

गुरुवारी मी भाजी परतत फोन स्पीकरवर टाकून बोलत होते तेव्हा ती टेबलाशी गृहपाठ करत होती. कानाला हेडफोन होते, पण त्यात काही वाजत नव्हतं. शुक्रवारचंही तिनं जिन्यातून ऐकलं होतं, आणि आज अप्पांचं "कधी गेली?" तेवढं. मी विचारलं, मग आजोबांना का नाही सांगितलंस? तिनं हमसत हमसत इंग्रजीतच सांगितलं: सांगितलं असतं तर ते मॅचला आले नसते, आणि मला ते यायला हवे होते. मग तिनं विचारलं, आत्या वाट बघत होती का, मॅच चालू असताना? मी कधी नव्हे ते काहीच ठरवू शकले नाही. मी हो म्हणाले.

ती उठली आणि माझ्या अंगावरून खाली गेली. मी मागोमाग गेले, तिला थांबवायला. अप्पांना आता हे आणखी नको होतं. पण ती स्वयंपाकघरात पोचलीसुद्धा होती. अप्पांच्या समोर उभी राहून ती म्हणाली, "आजोबा, मला माहीत होतं. गुरुवारपासून. मी नाही सांगितलं." तिनं ते मराठीत सांगितलं. दोन दिवससुद्धा तिला ते पोटात ठेवता आलं नव्हतं.

 अप्पा म्हणाले, "सांगितलंस. बरं केलंस." आणि तिचा हात धरून ते रडायला लागले. मी त्यांना आई गेली तेव्हासुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं. ती त्यांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली, दुसऱ्या हातानं त्यांचे ओले केस मागं सारत होती. मी पॅसेजमध्ये उभी होते. दार उघडंच होतं, दोघांनाही मी दिसत होते. मला कुणी आत बोलावलं नाही.